लहान देशाचा खर्च कोठे जातो?

मंदी आली की सरकारने खर्च वाढवावा, लोकांच्या हाती पैसा द्यावा, म्हणजे बाजार हलेल, असा सर्वसाधारण समज आहे. मोठ्या देशात तो पुष्कळसा खरा ठरतो. कारण तेथे एकाचा खर्च ही बहुधा त्याच देशातील दुसऱ्याची कमाई असते. परंतु अन्नधान्यापासून बांधकामाच्या वाळूपर्यंत बहुतेक माल बाहेरून आणणाऱ्या देशाने काय करावे?

सिंगापूरचा आयात-निर्यात व्यापार त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे तिप्पट आहे. तेथे सरकारने ग्राहकाच्या हाती पैसे ठेवले, तर त्यांतील मोठा भाग मालाच्या किमतीपोटी परदेशी जातो. दुकानदाराची विक्री वाढलेली दिसते. पण त्याचा नफा, नोकरांचा पगार आणि जागेचे भाडे एवढेच देशात उरते.

2008 च्या जागतिक संकटात निर्यात कोसळली. परदेशी गिऱ्हाइकाची मागणी वाढविणे सिंगापूरच्या हाती नव्हते. म्हणून जानेवारी 2009 मध्ये अर्थमंत्री थर्मन षण्मुगरत्नम यांनी 20.5 अब्ज सिंगापूर डॉलरची योजना मांडताना निराळा मार्ग धरला. नागरिक वा कायम रहिवासी असलेल्या प्रत्येक नोकराच्या मासिक पगारातील पहिल्या 2,500 डॉलरवर 12 टक्के रक्कम सरकारने मालकास रोख देऊ केली. त्यामुळे मालकाचा खर्च उतरला आणि अनुभवी माणसे कामावर टिकली.

यासाठी कर्ज काढले नाही. आधीच्या सरकारांनी साठविलेल्या गंगाजळीला राष्ट्रपतींच्या संमतीने प्रथमच हात लावण्यात आला. सुमारे 4 अब्ज डॉलर त्यातून घेतले गेले, आणि 2011 मध्ये ते परत भरण्याचे सरकारने जाहीर केले.

या योजनेत उणीव नव्हती असे नाही. ज्यांनी एरवीही नोकर काढले नसते, त्यांनाही अनुदान मिळाले. शिवाय 2010 मध्ये उत्पन्न 14 टक्क्यांहून अधिक वाढले, त्याचे मोठे श्रेय पुन्हा सुरू झालेल्या जागतिक मागणीला आहे. मात्र ती मागणी परतली, तेव्हा काम करणारे हात जागेवर होते.

व्यापाऱ्याला यातील हिशेब सहज उमगेल. गिऱ्हाईक दूरदेशीचे असेल, तर त्याला बोलावून आणता येत नाही. ते येईपर्यंत पेढी उघडी ठेवता येते. त्यासाठी लागणारी पुंजी मात्र बरकतीच्या दिवसांतच बाजूला ठेवावी लागते.