सामुदायिक नाव, खाजगी मालकी

नफ्यासाठी नव्हे, तर लोकांच्या गाण्यासाठी काढलेली संस्था बाजारात टिकू शकते काय, आणि टिकल्यास ती अखेर कोणाची राहते? अमेरिकेतील 'राउंडर रेकॉर्ड्स'चा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

१९७० साली मॅसॅच्युसेट्स राज्यात केन अर्विन, बिल नाउलिन व मॅरियन लेटन या तीन तरुणांनी ही ध्वनिमुद्रिका-संस्था स्थापन केली. बँजो, फिडल व मँडोलिन यांच्या साथीने गायिले जाणारे ब्लूग्रास संगीत मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने फारसे किफायतशीर नव्हते. राउंडरने स्वतःला 'सामुदायिक' म्हणविले, खर्च आटोक्यात ठेवला आणि संगीतमेळाव्यांतून तबकड्या विकल्या. वेस्ट व्हर्जिनियातील खाणकामगारांच्या कुटुंबात जन्मलेल्या हेझल डिकन्स यांची ॲलिस जेरार्डसमवेतची ध्वनिमुद्रिका तिने १९७३ साली काढली. खाणीतील धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या मजुरांची व्यथा डिकन्स यांनी गाण्यांतून मांडली होती. अशा आवाजाला बाजारात वाट करून देणे, ही सामान्य कामगिरी नव्हे.

परंतु यशाबरोबर संस्थेचे स्वरूप पालटले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉर्ज थोरोगुड या रॉक गायकाच्या ध्वनिमुद्रिकांचा खप मोठा झाला. पगारी नोकरवर्ग वाढला, आणि त्याच दशकाच्या अखेरीस या नोकरवर्गाला स्वतःची संघटना बांधावी लागली. खरे मर्म येथे आहे. संस्थापकांचा समुदाय म्हणजे काम करणाऱ्यांचा समुदाय नव्हे. मालकी तिघांकडे आणि श्रम अनेकांचे, ही रचना असेल तेथे मालक कितीही साधे राहोत, हितसंबंधांचा विरोध अटळ असतो.

२००९ साली राउंडरच्या, रॉबर्ट प्लांट व ॲलिसन क्राउस यांच्या ध्वनिमुद्रिकेस सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक लाभले. २०१० साली संस्था कॉन्कॉर्ड या बड्या संगीत-कंपनीस विकली गेली. मालकीहक्क विक्रेय होता, म्हणून तो विकला गेला.

यात संस्थापकांना दोष देण्याचे कारण नाही. चार दशके त्यांनी उपेक्षित संगीत जतन केले. मात्र ध्येयवाद हा सनदेचा पर्याय ठरत नाही. सहकारी छापखाना, ग्रंथसंस्था वा कलापथक उभारणाऱ्यांनी मालकी कोणाची, निर्णयात कामगारांना स्थान कोणते आणि विक्रीचा अधिकार कोणाला, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवले पाहिजे. भरभराट झाल्यावर ते लिहिणे फार अवघड होते.