दोन तास, पण कोणते?

5 डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1985 मध्ये तसा ठराव केला आणि पुढच्या वर्षापासून हा दिवस पाळला जाऊ लागला. 2026 हे अख्खे वर्षच आमसभेने स्वयंसेवकांच्या नावे केले आहे. यानिमित्ताने फावडी-घमेली हाती घेतलेल्या माणसांची छायाचित्रे पुन्हा झळकतील, आणि ती झळकावीतच. आपल्याकडे सेवा म्हटली की श्रमदान आठवते. 1 मे 2018 रोजी पानी फाउंडेशनच्या महाश्रमदानाला शहरांतली माणसे दुष्काळी गावांत जाऊन उन्हात राबली. पण ज्याला गावापर्यंत जाताच येत नाही, त्याचे काय? गुडघ्यांनी दगा दिलेला निवृत्त शिक्षक किंवा न्यू जर्सीत नोकरी करणारी मराठी अभियंता यांच्याकडे आपल्या संस्था देणगीखेरीज काही मागत नाहीत. त्यांच्या वेळेचे काय करायचे, याचा कोणी विचारच केलेला नसतो.

12 जानेवारी 2010 रोजी हैतीत भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा मदतपथकांच्या कामी येईल असा तपशीलवार खुला नकाशा तेव्हा नव्हता. ‘ओपनस्ट्रीटमॅप’च्या जगभरातल्या स्वयंसेवकांनी घरी बसून, उपग्रहचित्रे पाहून रस्ते आणि इमारती रेखाटल्या. काही दिवसांत तो नकाशा पथकांच्या जीपीएस यंत्रांत पोहोचला. पुढे 2014 मध्ये रेड क्रॉस आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांसारख्या संस्थांनी ‘मिसिंग मॅप्स’ हा उपक्रम उभा केला. त्यात एखाद्या प्रदेशाचे लहान चौकोन पाडले जातात. स्वयंसेवक एक चौकोन घेतो, पुरा करतो आणि सोडतो; मग दुसरा अनुभवी माणूस तो तपासतो. आज तासभरच मोकळा मिळालेल्या माणसाचाही त्यात उपयोग होतो. लोकांच्या चांगुलपणाइतकेच श्रेय चौकोन पाडणाऱ्यांचेही आहे.

मराठीतही अशी कामे पडून आहेत. मराठी विकिस्रोतावर जुन्या ग्रंथांची पाने एकेक करून तपासली जातात. एकाने तपासलेल्या पानाची खूण पिवळी. दुसऱ्या कोणी ते पुन्हा पडताळले, तरच ती हिरवी होते. ही पद्धत अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी सरळ उचलावी. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये जुळवलेला मराठी मजकूर या विद्यार्थ्यांच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. पुस्तक स्कॅन करून यंत्राकडून अक्षरे ओळखून घेतली, तरी जोडाक्षरे आणि रफार चुकतातच. तिथे शुद्धलेखन पक्के असलेला माणूस हवा. तो सांगलीत आहे की सिडनीत, याने काही फरक पडत नाही.

मग अडते कुठे? बहुतेक वेळा संस्थेच्या कार्यालयात. उत्साही माणूस मेल पाठवतो, त्याला व्हॉट्सॲप गटात घेतले जाते आणि तिथे सुप्रभातापलीकडे काही घडत नाही. तीन महिन्यांनी तो गुपचूप बाहेर पडतो, आणि ‘ऑनलाइन माणसे टिकत नाहीत’ असा शेरा संस्थाच मारते. खरे तर दूरच्या स्वयंसेवकाला चहाच्या वेळी सहज काही विचारता येत नाही. म्हणून काम कागदावर उतरवावे लागते: नेमके काय करायचे, केव्हापर्यंत, झाले हे कसे ओळखायचे आणि अडल्यास कोणाला फोन करायचा. हे लिहायला, आलेले काम तपासायला आणि त्याची पोच द्यायला संस्थेत एक जबाबदार माणूस लागतो. त्याला पगार द्यावा लागतो. देणगीदारांना वह्या-दप्तरांचे फोटो आवडतात, पगारपत्रक आवडत नाही. पण फुकटच्या स्वयंसेवकांमागे हा खर्च असतोच आणि तो नाकारणाऱ्या देणगीदारांना संस्थांनी तसे स्पष्ट सांगायला हवे.

प्रत्येक काम बाहेर देण्यासारखे नसते, हेही खरे. लाभार्थींच्या आजाराच्या किंवा कौटुंबिक छळाच्या नोंदी अनोळखी माणसाच्या लॅपटॉपवर जाता कामा नयेत. मुलांना ऑनलाइन शिकवायचे असेल, तर शिकवणाऱ्याची पडताळणी झालेली असावी आणि तासाला संस्थेचे मोठे माणूस हजर असावे. यात भिडेखातर सूट देऊ नये, तो स्वयंसेवक विश्वस्तांचा नातेवाईक असला तरी.

संस्थाचालकांनी या महिन्यात एकच करावे: कार्यालयात रखडलेले, दोन तासांत संपेल असे एक काम निवडून ते एका पानावर लिहून काढावे आणि बाहेरच्या एकाला देऊन पाहावे. आणि ज्यांना वेळ द्यायचा आहे, त्यांनी ‘काही मदत लागली तर सांगा’ एवढेच लिहून थांबू नये. आपल्याला काय येते, आठवड्यातले कोणते दोन तास देता येतील आणि किती महिने, हे पहिल्याच पत्रात कळवावे.