विजेशी ओळख

पावसाळ्याच्या प्रारंभी तलासरी तालुक्यातील एखाद्या पाड्यावर गेले, तर भाताच्या खाचरांच्या बांधांवर मुले खेकडे शोधताना दिसतात. बिळात हात घालण्यापूर्वी ती ते बीळ नीट निरखून पाहतात. नाग कोणता, घोणस कोणती आणि निरुपद्रवी धामण कोणती, हे त्यांना चांगले ठाऊक असते. हे ज्ञान त्यांना कोणत्याही पुस्तकातून मिळालेले नसते. आजोबांनी वडिलांना सांगितले, वडिलांनी मुलांना दाखविले, आणि असे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले.

त्याच खाचरांवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. त्यांच्याविषयी मुलांना काय सांगितलेले असते? “हात लावू नकोस, मरशील!” बहुधा एवढेच. सापाविषयीचे शहाणपण वडिलोपार्जित आहे. विजेविषयीचे तसे नाही. येथील कितीतरी आजी-आजोबांचे बालपण चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात गेले. जे त्यांनाच कोणी शिकविले नाही, ते त्यांनी नातवंडांना कोठून द्यावे?

वास्तविक हा सारा प्रदेश विजेचा निकटचा शेजारी आहे. दक्षिणेस तारापूर येथे देशातील पहिले अणुविद्युत् केंद्र १९६९ साली सुरू झाले. डहाणूच्या किनाऱ्यावर ५०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत् केंद्र १९९५ च्या सुमारास उभे राहिले. तेथून २,२०,००० व्होल्ट दाबाच्या तारा मुंबईकडे जातात. डहाणू रोड स्थानकातून धावणाऱ्या आगगाड्यांच्या डोक्यावरील तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. गावाकडे येणाऱ्या तारेत बहुधा ११,००० व्होल्ट असतात, आणि गावकरी ज्याला ‘डीपी’ म्हणतात त्या रोहित्रातून उतरून घरात येताना तो दाब २३० व्होल्ट होतो. एवढी मोठी शक्ती दाराशी नांदत असताना तिची ओळख मात्र एका धमकीपुरतीच असावी, हे योग्य नव्हे.

काही वडीलधारी माणसे म्हणतात, “मुलांना भीती असली म्हणजे पुरे. अर्धवट माहिती दिली, तर ती उगीच धीट होतील.” या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही, अर्धवट ज्ञान घातकच असते. परंतु नुसती भीती हेही अर्धवट ज्ञानच आहे. साप फुत्कारतो, विस्तव पोळतो, पुराचे पाणी गर्जना करते. विजेला मात्र रंग नाही, वास नाही, आवाजही सहसा नाही. जे दिसत नाही, त्याची भीती फार काळ टिकत नाही. मूल तारेवर निवांत बसलेला कोतवाल पक्षी पाहते आणि मनाशी म्हणते, “त्याला काही होत नाही, मग मला काय होणार?” धमकीपाशी या प्रश्नाला उत्तर नसते. उत्तर ज्ञानापाशी असते.

विजेला वाहण्यासाठी वाट लागते. पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. त्याच्या शरीरातून जमिनीकडे जाणारी वाट तिला मिळत नाही. जमिनीवर उभा असलेला मनुष्य तारेला स्पर्श करतो, तेव्हा त्याचे शरीरच ती वाट होते. आणि अंग ओले असेल, तर ती वाट अधिकच सुलभ होते. साठ वॅटचा साधा दिवा जेवढा प्रवाह घेतो, त्याच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढा प्रवाह छातीतून गेला, तरी प्राणावर बेतू शकते.

हे एक कारण कळले, की अनेक नियम पाठ करावे लागत नाहीत. ओल्या हाताने बटण का दाबू नये, विहिरीवरील पंपाच्या उघड्या तारेजवळ का जाऊ नये, संक्रांतीला तारेत अडकलेला पतंग लोखंडी सळईने किंवा ओल्या बांबूने का काढू नये, हे सारे आपोआप उमगते. रेल्वेच्या तारेसारख्या उच्च दाबाच्या तारेला स्पर्श करण्याचीही गरज नसते. ती जवळ आलेल्या माणसापर्यंत हवेतूनही झेप घेऊ शकते. म्हणून उभ्या असलेल्या मालगाडीच्या टपावर चढणे हे धाडस नसून अज्ञान होय.

खरी कसोटी मात्र निराळीच आहे. आपला भाऊ किंवा मित्र विजेला चिकटलेला पाहिला, की मुलाची भीती पळून जाते आणि प्रेम पुढे धावते. ते त्याचा हात धरून ओढू पाहते, आणि एकाऐवजी दोन जीव धोक्यात येतात. त्या क्षणी “हात लावू नकोस” ही शिकवण दुबळी ठरते. मायेला आवर घालण्याचे सामर्थ्य भीतीत नसते; मायेला योग्य मार्ग दाखविण्याचे सामर्थ्य ज्ञानात असते. घरात असा प्रसंग आला, तर प्रथम मुख्य बटण बंद करावे आणि मोठ्यांना हाक मारावी. बटण दूर असेल, तर मोठ्या माणसाने कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने घरातील तार बाजूला सारावी, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वादळात रस्त्यावर किंवा शेतात तार तुटून पडली असेल, तर लाकडाचाही भरवसा धरू नये. ओल्या जमिनीतूनही वीज पसरते. निदान पंचवीस पावले दूर राहावे, इतरांना अडवावे आणि १९१२ या क्रमांकावर वीज खात्याला कळवावे.

हे शिक्षण शाळेनेच दिले पाहिजे; कारण या बाबतीत घराजवळ परंपरेची शिदोरी नाही. घरानेही ते मोठ्या मनाने स्वीकारले पाहिजे. शाळेतून आलेली मुलगी जेव्हा म्हणते, “बाबा, पंपाची तार उघडी पडली आहे, ती जोडून घ्या,” तेव्हा “तुला काय कळते?” असे म्हणून तिला गप्प करू नये. सापाची ओळख आजोबांकडून नातवाकडे आली; विजेची ओळख नातवाकडून आजोबांकडे जाईल. शहाणपण कोणत्या दिशेने वाहते याला महत्त्व नाही. ते घरात पोहोचले पाहिजे. आज ज्या मुलांना कारणे समजतील, त्यांच्या मुलांसाठी तेच ज्ञान वडिलोपार्जित होईल.