परीक्षकांचीच परीक्षा

१३ फेब्रुवारी १९७० रोजी ब्रिटनमध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ या रॉक बँडचा पहिला अल्बम निघाला आणि समीक्षकांनी नाके मुरडली. अमेरिकेच्या ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्ज यांनी तर त्याला ‘क्रीम’ या आधीच्या बँडचे निकृष्ट अनुकरण ठरवले. जुन्या फूटपट्टीने नवे मोजण्याची ही खोड!

बँडचे चौघेही बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगारवस्तीतले. टोनी आयोमीने पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली होती. तरीही प्लास्टिकची टोपणे चढवून तो गिटार वाजवत राहिला. त्या जड, काळवंडलेल्या सुरांतली कारखान्याची धग पंडितांना जाणवली नाही, श्रोत्यांना जाणवली. अल्बम ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत चढला.

लोकप्रियता म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मान्य. परंतु अपरिचिताला निकृष्ट म्हणणे, ही तरी समीक्षा कशी? २०१७ मध्ये त्याच ‘रोलिंग स्टोन’ने सर्वश्रेष्ठ मेटल अल्बमच्या यादीत याला पाचवे स्थान दिले. सूर तेच होते; बदलले ते परीक्षकांचे कान. कामगारांच्या पोरांनी मात्र त्या शहाणपणाची वाट पाहिली नाही, हे संगीताचे भाग्यच!