आधी वजनकाटा, मग टायर

आमचा भाचा आखातातून कायमचा परतला आणि त्याने एक जुना मालट्रक घेतला. त्यावर चालते घर बांधायचे, झोपायला बाके, लहानसे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, आणि पर्यटकांना रघुवीर घाटापासून दापोली-गुहागरच्या किनाऱ्यापर्यंत फिरवायचे. सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून असा विचार करणारे तरुण वाढले आहेत. धंदा वाईट नाही. परंतु सुतारकाम अर्धेही झाले नव्हते तोच तो विचारू लागला, "मामू, टायर कोणते घालू? जाड नक्षीचे मिळताहेत, गाडी उठून दिसेल."

मी कापडवाला माणूस. पण भिवंडीहून गाठी आणणारी स्वतःची गाडी वीस वर्षे कशेडी घाटातून चालवली, म्हणून दोन शब्द बोलायचा अधिकार समजतो. टायर नक्षीवर नव्हे, वजनावर घ्यावा. टायरच्या बाजूवर आकडे छापलेले असतात. १०.०० आर २० या मापाच्या रेडियल टायरवर बहुधा १४६/१४३ असे असते. १४६ म्हणजे एकटा टायर ३००० किलो उचलेल आणि १४३ म्हणजे जोडीतला प्रत्येक टायर २७२५ किलो. आता मालट्रक रिकामा होतो तेव्हा टायरला विसावा मिळतो. चालत्या घराचे ओझे कधीच उतरत नाही. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो, आणि टाकी एका कोपऱ्यात असेल तर ते सगळे एका बाजूच्या चाकांवर. म्हणून घर पुरे बांधून, टाकी भरून, पुढचा व मागचा एक्सल काट्यावर वेगवेगळा तोलावा आणि मगच दुकानात जावे.

दुसरी गोष्ट वयाची. गोदामात वर्षानुवर्षे पडलेले कापड घडीवर विरते, हे आपल्याला सांगायला नको. रबराचेही तेच. टायरवर चार अंक असतात, १९२३ म्हणजे २०२३ चा १९ वा आठवडा. एकदा एका दुकानदाराने मला "नवा कोरा" म्हणून सहा वर्षे पडून असलेला टायर दिला होता. भर पावसात, गाठींनी भरलेली गाडी घाट उतरत असताना तो फुटला. ड्रायव्हर वाचला, गाठी चिखलात गेल्या. चालते घर तर वर्षातले कितीतरी महिने उभेच असते. त्याचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, नक्षी मात्र नवी दिसते.

रिमोल्ड स्वस्त पडतो, पण पुढच्या चाकाला कधीही घालू नये. मागच्या जोडीत एक नवा आणि एक झिजलेला टायर घालणे म्हणजे सारा भार नव्यावर टाकणे. शिवाय जांभ्याच्या रस्त्यावर दोन टायरांच्या फटीत चिरे अडकतात, ते दर मुक्कामी काढावे लागतात. चारही चाकांना जोर देणारी गाडी असेल तर पुढचे-मागचे टायर घेरात सारखेच हवेत, नाहीतर गिअर खातात.

परदेशी छायाचित्रांतले भले मोठे टायर पाहून भुलू नये. जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर निर्बंध आले. जे माप खेड-चिपळूणच्या दुकानात मिळत नाही, ते रघुवीर घाटात फाटले तर गाडी तिथेच राहील. आणि माप बदलायचे किंवा बॉडी बदलायची, तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी.

मागच्या आठवड्यात घर पुरे झाले आणि भाच्याने गाडी लोट्याच्या काट्यावर नेली. मागच्या एक्सलवर अंदाजापेक्षा सातशे किलो जास्त निघाले. आता सागवानी फळ्या काढून प्लायवूड लावतो आहे आणि टाकी दोन एक्सलांच्या मध्ये घेतो आहे. टायरांचे पैसे अजून त्याच्या खिशातच आहेत.