आर्यांचा मुक्काम आणि आमचा तोरा

आर्य मूळचे कुठले, हा प्रश्न मराठी माणसाला फार प्रिय आहे. एसटी चुकलेली असो की घरातले तेल संपलेले असो, हा विषय निघाला की आमच्या खालापूरच्या नाक्यावरसुद्धा चार डोकी जमतात आणि चार डोक्यांची पाच मते होतात. वादाला माझी हरकत नाही, त्यामागच्या हेतूला आहे. आर्य कोठून आले याचे खरे कुतूहल क्वचितच कोणाला असते; आपण कोणापेक्षा वरचे, हे ठरवून टाकण्याची घाई मात्र सर्वांना असते.

या वादाला आपल्याकडे परंपरा मोठी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त आर्यभटांना इराणातून आणले आणि त्यांनी इथल्या कष्टकऱ्याला गुलाम केले, असे मांडले. लोकमान्यांनी १९०३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात वेदांतल्या लांबलचक उषांचा आणि दीर्घ रात्रींचा आधार घेऊन आर्यांचे घर थेट उत्तर ध्रुवाजवळ नेऊन बांधले. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली शूद्रांवरील ग्रंथात आर्य नावाचा वंश बाहेरून चालून आला ही कल्पनाच वेदांच्या आधारे धुडकावून लावली. तिघे मोठे, तिघांची मते तीन. पण त्यांनी हातातली साधने कसोशीने वापरली होती, आणि त्यांना काही घडवायचे होते. आमच्या नाक्यावरच्या पंडितांना काय घडवायचे आहे, ते देवच जाणे.

आता, संस्कृत ही जगातल्या सर्व भाषांची आई, असे छातीठोक सांगणाऱ्यांकडे वळतो. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्सने १७८६ साली संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते बोलून दाखवले. तेव्हाही तो या तिघींना बहिणी समजला. त्यांची आई बहुधा आज हयात नाही, असेच त्याचे म्हणणे. आमच्या मंडळींनी त्यातली एक बहीण उचलून आईच्या पाटावर बसवली.

पुरावा हवा? शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी 'चकार' हे रूप घोकलेले असेल. धातू 'कृ', मग द्विरुक्तीत 'ककार' का नाही? पाणिनी नियम सांगतो, तिथे 'क'चा 'च' करा. का करा, ते सांगत नाही. त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात सापडले. त्या जागी पूर्वी 'अ' नव्हता, 'ए'सारखा स्वर होता. त्या स्वराच्या शेजाराने 'क' मऊ होऊन 'च' झाला आणि मागाहून संस्कृतात ते जुने ऱ्हस्व स्वर एकाच 'अ'मध्ये बुडाले. ग्रीकमध्ये मात्र द्विरुक्तीचा 'ए' अजून जागेवर आहे: आपले 'जजान', त्यांचे 'गेगोना'. आईच्या पेटीत नसलेला, पण आईच्या गळ्यावर ज्याचा वळ उमटलेला आहे असा दागिना मुलीच्या अंगावर कसा आला, हे त्या पंडितांनी मला सांगावे. संस्कृत थोर आहे. थोर असायला तिने सर्वांची आई असलेच पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

दुसरा पुरावा मातीचा आहे. तुर्कस्तानात बोगाझकोय येथे १९०६ पासून उत्खनन झाले. त्यात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातल्या मितन्नी राजाचा तह आहे आणि त्याला साक्षी म्हणून मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही दैवते घातली आहेत. तिथेच घोडे तयार करण्याची पोथी मिळाली. तिच्यात एक, तीन, पाच, सात या फेऱ्यांचे आकडे जवळजवळ आपलेच. 'एक'ला तिथे 'ऐक' आहे, म्हणजे ऋग्वेदातल्या रूपाहूनही जुने. हिंदुस्थानातून निघालेले लोक वेदाहून जुना शब्द बरोबर घेऊन गेले, असे म्हणायचे तर म्हणा.

राहता राहिले राखीगढी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या या सिंधुकालीन गावातील एका स्त्रीच्या हाडांचा जनुकीय अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. तिच्यात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशाचा अंश नव्हता. झाले! आर्य बाहेरून आलेच नाहीत, असा डांगोरा पिटला गेला. त्याच आठवड्यात दुसरा मोठा निबंध निघाला. तो अंश इकडे इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या सुमारास उतरला, असे त्यात होते. ती बाई त्याआधीच गेलेली. पाहुणे यायच्या आधी काढलेल्या फोटोत पाहुणे दिसत नाहीत, यात नवल ते काय!

पण उलट्या बाजूची मंडळीही शहाणी नाहीत. आले म्हणजे तलवारी उपसून आले, आणि त्यांचे शुद्ध रक्त अमुक जातीच्या अंगात आजही खळखळते आहे, असे ती मानतात. भाषा रक्तातून वाहत नाही. ती शेजारातून, बाजारातून, लग्नातून, धाकातून आणि पोटासाठी पसरते. आपलीच जीभ पाहा. दिवाळीच्या फराळात पडणारे तूप हे कानडी 'तुप्प'. अक्का, अण्णा, अप्पा ही नाती दक्षिणेची, आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता तिकडचाच. आणि 'आम्ही' व 'आपण'? समोरच्याला वगळायचे तर 'आम्ही जेवतो', त्याला पंगतीला घ्यायचे तर 'आपण जेवू'. संस्कृतात दोन्हींना एक 'वयम्'. हा भेद तमिळमध्ये आहे, तेलुगूत आहे. आर्यत्वाचा तोरा मिरवणारा 'आपण' म्हणतो तेव्हा द्राविडांच्या घरची रीत पाळत असतो.

हे सगळे मी का उकरतो आहे? आमच्या तालुक्यात डोंगराच्या कडेने कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. ही मुले शाळेत आली की मोठे मोठे शिकलेले लोक माझ्या देखत म्हणतात, "गुरुजी, हे मूळचे अनार्य, यांची जीभच वेगळी. यांना शुद्ध बोलणे कुठून येणार?" आणि मुलाला मागच्या रांगेत बसवले जाते. आता गंमत बघा. भाषापंडितांनी कातकऱ्यांची बोली तपासली आणि ती मराठीच्या सख्ख्या गोतात, आर्यभाषांतच घातली. मग आर्य कोण? तुपाला तूप म्हणणारे आम्ही, की ज्याच्या पानात तूप कधी पडत नाही तो पोरगा? रक्ताने ठरवाल तर भाषा आड येते. भाषेने ठरवाल तर त्याला पुढच्या रांगेत बसवावे लागेल. दोन्हींतले एक कबूल करा, एवढेच माझे म्हणणे.

भाऊबीज सरली की यांतली कितीतरी मुले आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातील, ती पावसाच्या तोंडाशी परततील. तोवर झालेले धडे त्यांच्या बोलीत पुन्हा सांगायला गेलो, तर पोरांना बिघडवतो म्हणून माझ्यावर तक्रार होईल. होऊ दे.

या लेखावर रागावून पत्रे येतील हे मी जाणतो. पत्र जरूर लिहावे. मात्र पहिल्या ओळीत 'चकार'मधला 'च' कुठून आला तेवढे लिहावे, शिव्या दुसऱ्या ओळीपासून घालाव्यात. पत्ता संपादकांकडे आहे.