फौजेचा खर्च आणि वऱ्हाडचा धडा

संरक्षणावरील खर्च वाढवा, असे कोणी म्हणताच आमच्या वऱ्हाडात एक प्रश्न ठरलेला असतो : कपाशीला भाव नाही, विहिरीला पाणी नाही, मग तोफा कशाला? विचारणारांच्या कळकळीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु हा प्रश्न निदान वऱ्हाडाने तरी विचारू नये.

१८०३ च्या नोव्हेंबरात अकोल्याच्या उत्तरेस अडगावी भोसल्यांच्या सैन्याचा मोड झाला. १५ डिसेंबर रोजी इंग्रजी तोफांनी तट फोडून गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. परंतु तटाचे खिंडार नुसत्या शौर्याने बुजत नाही. दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेकडील मुलुख भोसल्यांच्या हातून गेला, तो निजामाच्या पदरी पडला.

येथवरची कथा पराभवाची. पुढची हिशेबाची, आणि तीच अधिक बोधप्रद. निजामाच्या रक्षणास उभी राहिली ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ‘हैदराबाद कंटिंजंट’. हुकूम परक्याचा, खर्च मात्र निजामाच्या माथी! खर्च थकला, कर्ज साचले आणि १८५३ साली त्या फौजेच्या खर्चापायी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. १९०२ साली तर वार्षिक २५ लक्ष रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांस मिळाले. या सर्व उलाढालीत कुणब्याचा सारा कोणी माफ केला काय? त्याने दमडीन् दमडी भरली. फक्त फौज त्याची नव्हती.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, फौजेचा खर्च चुकत नसतो. तो स्वेच्छेने करावयाचा की मुलुख गहाण टाकून, एवढाच प्रश्न असतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणास सुमारे ६.८१ लक्ष कोटी रुपये नेमले गेले. आकडा मोठा खरा. परंतु देशाच्या सकल उत्पादनाशी त्याचे प्रमाण शेकडा दोनाच्याही आत, आणि त्यातील सुमारे १.६१ लक्ष कोटी निवृत्तिवेतनाचे. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने शेकडा तीन हे प्रमाण सुचविले होते; ते आम्हांस रास्त वाटते.

मात्र वाढीव पैसा शस्त्रे घडविणाऱ्या स्वदेशी कारखान्यांत जावा आणि त्याचा हिशेब संसदेने कसून मागावा. शस्त्रांसाठी परक्याच्या तोंडाकडे पाहात राहणे म्हणजे कंटिंजंटचाच नवा अवतार होय. विहीर खणावी, कपाशीलाही भाव द्यावा; पण शेताला कुंपण घालण्याचा खर्च वायफळ असे म्हणणारा शेतकरी आम्ही अजून पाहिलेला नाही.